पोझ्झुओलीचे तीन स्तंभ #थ्रेड

१/ इटलीत नेपल्सच्या पश्चिमेस, समुद्रकाठी पोझ्झुओली हे नगर वसले आहे. तेथील रोमनकालीन वास्तूचे तीन संगमरवरी स्तंभ आजही उभे आहेत. जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटर उंचीवर त्यांच्यावर छिद्रांचा रुंद पट्टा सुरू होतो. ही छिद्रे कोणी पाडली?

२/ १७५० मध्ये येथे उत्खनन झाले. सेरापिस देवतेची मूर्ती सापडल्याने वास्तूला मंदिर मानले गेले. प्रत्यक्षात ती बाजारपेठ होती. छिद्रे होती दगड पोखरणाऱ्या सागरी शिंपल्यांची! म्हणजे जमिनीवर बांधलेले हे स्तंभ कधीकाळी समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. खालचा भाग गाळात गाडलेला असल्याने तेवढा गुळगुळीत राहिला.

३/ भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी १८२८ मध्ये हे स्तंभ पाहिले. समुद्र नव्हे, तर भूमीच खाली-वर झाली, असे त्यांनी मांडले. १८३० च्या त्यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी' या ग्रंथाच्या मुखचित्रात हेच स्तंभ आहेत.

४/ भूमी हलते कशी? पोझ्झुओली 'कांपी फ्लेग्रेई' या निद्रिस्त ज्वालामुखीच्या कुंडात वसले आहे. येथे शंकूसारखा एकच पर्वत नाही. १२ ते १५ किलोमीटर रुंदीचे खोलगट कुंड आहे आणि त्याचा काही भाग समुद्राखाली आहे. भूगर्भातील शिलारस, वायू आणि तप्त पाण्याचा दाब वाढला की जमीन फुगते. ओसरला की खचते.

५/ १५०३ आणि १५११ च्या राजाज्ञांत समुद्र हटल्याने उघडी पडलेली जमीन नगराला दिल्याची नोंद आहे. ते वरदान नव्हते, इशारा होता. २९ सप्टेंबर १५३८ रोजी उद्रेक झाला, त्रिपेर्गोले हे गाव नष्ट झाले आणि आठवडाभरात नवा डोंगर उभा राहिला : मोंते नुओवो.

६/ १९८२ ते १९८४ या काळात जमीन पुन्हा सुमारे १.८ मीटर उचलली गेली. भूकंपांमुळे सुमारे ४०,००० लोकांना घरे सोडावी लागली. उद्रेक मात्र झाला नाही.

७/ २००५ पासून भूमी पुन्हा वर येत आहे आणि या परिसरात आज लाखो लोक राहतात. चिन्ह तेच, पण १५३८ मध्ये उद्रेक झाला आणि १९८४ मध्ये टळला. म्हणूनच या तीन स्तंभांचा इतिहास अजून संपलेला नाही.