बंद घरातील वाट

सिकलसेल हा शब्द विदर्भात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याबरोबर हिमोग्लोबिन हे नावही आपल्या परिचयाचे झाले आहे. मध्य भारतातील या दोषाविषयी शुक्ला व सोलंकी यांचे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये आले ते १९५८ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी केंब्रिजला जॉन केंड्र्यू यांनी हिमोग्लोबिनच्या धाकट्या भावंडाची, म्हणजे स्नायूंतील मायोग्लोबिनची, पहिली ढोबळ आकृती क्ष-किरणांच्या साहाय्याने काढली. पुढे बारीक आकृती हाती आली आणि तिने एक कोडे घातले. प्राणवायू ज्या लोहाच्या अणूला चिकटतो, तो अणू खोल आत. आणि तेथवर जायला बाहेरून वाटच नाही! प्राणवायू तर सतत आत-बाहेर करतो. मग तो शिरतो कोठून?

क्ष-किरणांचे चित्र म्हणजे लग्नातला फोटो. मंडळी स्तब्ध उभी. मांडवात कोण कोठे धावत होते, हे त्यावरून कळत नाही.

ही धावपळ पाहण्याची रीत दिली ती हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी. त्या संस्थानात आपला मराठवाडाही होता, तेव्हा त्यांना शेजारचे म्हणायला हरकत नसावी. १९६४ साली शिकागोजवळच्या प्रयोगशाळेत त्यांनी ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन संगणकात मांडला. प्रत्येक अणूवर इतरांची ओढ किती, रेटा किती, हे काढायचे. न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचे. आणि पुन्हा पहिल्यापासून हिशेब. पावले इतकी लहान, की एका सेकंदात ती कोटी गुणिले कोटी मावावीत. १९७१ साली स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचे २१६ रेणू असेच चालवले.

प्रथिनाची पाळी आली १९७७ साली. मॅकॅमन, जेलिन व कारप्लस यांनी ५८ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन हलवून दाखवले. किती वेळ? सेकंदाचा लाख-कोटीवा भाग धरा. तसे जेमतेम नऊ भाग! भोवतालचे पाणी त्यात धरलेच नव्हते. दोनच वर्षांनी केस व कारप्लस यांनी मायोग्लोबिनच्या आत एक लहान रेणू सोडला. प्रथिन ताठ धरले तर तो सुटेना; बाजूच्या साखळ्यांना हलू दिले, तशा वाटा उघडल्या. भिंतीच श्वास घेत होत्या.

पण गणिताने पाहिलेले खरे मानायचे का? ही शंका रास्त आहे, आणि तिचे निम्मेच उत्तर मिळाले आहे. २००३ साली अतिशीघ्र क्ष-किरणांनी कार्बन मोनॉक्साइडचा रेणू मायोग्लोबिनच्या पोकळ्यांतून सरकताना प्रत्यक्ष टिपला गेला. दाराविषयी मात्र मतभेद राहिला. ऑल्सन यांच्या प्रयोगशाळेने भिंतीतील एकेक वीट बदलून पाहिली आणि २००१ साली सांगितले, की बहुतेक रहदारी हिस्टिडीनच्या एकाच झडपेतून होते. संगणकाने त्यानंतरही अनेक दारे दाखवली.