प्रतिदीप्त शोधक व क्षयजंतूंतील उत्परिवर्तने

प्रतिदीप्त शोधक म्हणजे डीएनएच्या ठरावीक क्रमाशीच जुळणारा आणि जुळताच विशिष्ट रंगाने उजळणारा न्यूक्लिइक अम्लाचा आखूड धागा. सातारा व सांगली जिल्ह्यांतही त्याचा उपयोग क्षयरोगनिदानात होतो. या जिल्ह्यांत पाचगणीचे बेल-एअर (1912) आणि सांगली-मिरज दरम्यानच्या वानलेसवाडीचे अशी क्षयरुग्णांची आरोग्यधामे उभी राहिली तेव्हा क्षयावर औषध नव्हते आणि स्वच्छ हवा, विश्रांती व सकस आहार यांवरच रुग्णाची भिस्त असे. आज मात्र निदान होताच, रुग्णातील जंतू रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देतील का, हे पाहावे लागते.

या औषधाला होणारा सुमारे 95 टक्के प्रतिरोध जंतूच्या ‘आरपीओबी’ जनुकातील अवघ्या 81 आधारजोड्यांच्या पट्ट्यातील उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे आनुवंशिक क्रमातील बदलांमुळे, येतो. हे बदल टिपण्यासाठी उपयोगी पडणारा, संजय त्यागी व फ्रेड क्रेमर यांनी 1996 मध्ये मांडलेला शोधक केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो; त्याच्या एका टोकाला प्रतिदीप्त रंजक व दुसऱ्या टोकाला प्रकाश शोषणारा रेणू असल्याने मिटलेल्या स्थितीत तो अंधारा राहतो आणि जुळणारा क्रम भेटताच उलगडून उजळतो.

असेच शोधक वापरणाऱ्या, कार्ट्रिजवर आधारलेल्या सीबीनॅट चाचणीत बेडक्यात दुप्पट द्रावण मिसळून, हलवून, 15 मिनिटांनी ते मिश्रण कार्ट्रिजमध्ये भरतात. यंत्र जंतूंचा डीएनए मोकळा करून त्याच्या असंख्य प्रती काढते आणि सुमारे दोन तासांत निष्कर्ष देते. मूळ रचनेतील पाच शोधक मिळून ‘आरपीओबी’चा तो 81 जोड्यांचा पट्टा व्यापतात. परंतु ते सर्व अविकृत क्रमाशी जुळणारे असल्याने, इतर उजळत असताना एखादा न उजळणे किंवा फार उशिरा उजळणे हीच उत्परिवर्तनाची खूण ठरते. भारतात विकसित झालेली ट्रूनॅट ही चिपवर चालणारी चाचणीही प्रतिदीप्तीवरच आधारलेली असून, तिचे छोटे यंत्र बॅटरीवर चालत असल्याने ग्रामीण आरोग्य केंद्रांना ते विशेष सोयीचे आहे.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या रचनेतूनच येते. न उजळलेला शोधक क्रम बदलल्याचे सांगतो, पण तो बदल प्रतिरोध आणणारा आहे का, हे सांगू शकत नाही. जुन्या क्रमांकनातील 514 व्या स्थानी प्रथिन तेच ठेवणारा निरुपद्रवी बदलही प्रतिरोध म्हणून नोंदला जाऊ शकतो. उलट पट्ट्याबाहेरचे ‘आय491एफ’ हे प्रतिरोध आणणारे उत्परिवर्तन निसटते. एस्वातिनीतील 2009 च्या सर्वेक्षणात बहुऔषधप्रतिरोधी जंतूंपैकी सुमारे 30 टक्क्यांत ते आढळले. त्यामुळे चाचणीत प्रतिरोध न दिसताही उपचाराला प्रतिसाद मिळत नसेल, तर जंतूंची औषधसंवेदनशीलता अन्य पद्धतींनीही तपासणे आवश्यक ठरते.