टायरवरचा आकडा आणि खरी रुंदी

सायकलच्या टायरवर छापलेली रुंदी आणि हवा भरल्यानंतरची त्याची प्रत्यक्ष रुंदी यांत बरेचदा दोन-तीन मिलिमीटरचा फरक आढळतो. ‘३७-६२२’ या खुणेतील ३७ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६२२ हा टायरची कडा रिमवर जेथे बसते तेथील व्यास. ‘आयएसओ ५७७५’ या आंतरराष्ट्रीय मानकाची ही पद्धत. यातील व्यास बिनचूक असावाच लागतो, रुंदी मात्र नाममात्र असते.

फरकाचे मुख्य कारण रिम. तिची आतील रुंदी एक मिलिमीटरने वाढली की टायर साधारण ०.४ मिलिमीटरने रुंदावतो, असा ठोकताळा आहे. शिवाय हवेच्या दाबाने टायरचे कापड पहिले काही दिवस ताणले जाते. टायर हलका असल्याचे भासवण्यासाठी अरुंद टायरवर मोठा आकडा छापण्याची क्लृप्तीही काही उत्पादकांनी पूर्वी केली आहे.

इंचांचा घोळ तर याहून मोठा. ‘२६ × १.७५’ आणि ‘२६ × १ ३/४’ गणिताने एकच. पण पहिल्याचा व्यास ५५९, दुसऱ्याचा ५७१ मिलिमीटर! हे टायर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आपल्याकडील काळ्या दणकट सायकलीचा ‘२८ × १ १/२’ टायर ६३५ मिलिमीटरचा, तर २८ इंचीच म्हणवणारा ‘७०० सी’ ६२२ चा.

रुंद टायर घेण्यापूर्वी चिमटा, ब्रेक आणि मडगार्ड यांच्यातील मोकळी जागा मोजावी. जागा जेमतेम असेल तर चाक किंचित वाकडे होताच टायर घासू लागतो आणि त्याची बाजू झिजून तो चालत्या सायकलीवर फुटू शकतो. नव्या टायरचे मापही हवा भरून एक दिवस गेल्यावरच घ्यावे.