सहावी सेवा : नागपूर परिसरातील आहारशिक्षणाचा मागोवा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक मेळघाटातल्या धारणीचा होता. योजनेने सहा सेवा देऊ केल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण. पहिल्या पाचांचा हिशेब वहीत ठेवता येतो. किती धान्य आले, किती लशी टोचल्या, किती मुले तपासली, हे आकड्यांत मांडता येते. सहाव्या सेवेचे तसे नाही. सहा महिन्यांच्या बाळाला वरणाच्या नुसत्या पाण्याऐवजी घट्ट वरणभात कालवून भरवायला एखादी आई शिकली, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

आहार शिकवण्याचे काम नागपूर आणि आसपासच्या मुलखात कोणी केले, कोणत्या अधिकाराने केले आणि इतक्या वर्षांत त्याला पक्क्या पेशाचे रूप का आले नाही, हा या लेखाचा विषय आहे.

आहाराविषयी सांगण्याचा अधिकार पूर्वी दोघांचा असे. पथ्य वैद्य सांगे, आणि बाळंतिणीला काय द्यायचे ते घरातली म्हातारी सांगे. विसाव्या शतकात तिसरा अधिकार पुढे आला, तो प्रयोगशाळेचा. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला १९१८ मध्ये बेरीबेरीची चौकशी हाती घेतली आणि तिथूनच भारतातील पोषणसंशोधन उभे राहिले. त्यांच्यानंतर आलेल्या वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ज्वारीत काय, तुरीत काय, अंबाडीच्या पाल्यात काय, याचे आकडे एका जागी आले. पण कोष्टक आपण होऊन घरोघर जात नाही. ते वाचून, त्याचा अर्थ लावून, चुलीपाशी बसलेल्या बाईला तिच्या भाषेत आणि तिच्या ऐपतीत सांगणारे माणूस लागते. ते माणूस कोण असावे, याची दोन उत्तरे त्याच दशकात नागपूरच्या आसपास तयार होत होती.

पहिले वर्ध्याचे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाणे होते आणि कारभार जे. सी. कुमारप्पांकडे होता. गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा मगनवाडीचे स्वयंपाकघर हीच एक प्रयोगशाळा झाली. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल, कच्चा पाला, सोयाबीन यांचे प्रयोग तिथे चालत आणि त्यांचे वृत्तांत ‘हरिजन’मधून छापून येत. ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र आणि आहाराचे शास्त्र इथे एकत्र आले होते. गिरणीचा पॉलिश केलेला तांदूळ गावातले काम नेतो आणि ताटातले सत्त्वही नेतो, अशी ती मांडणी होती. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर आणि भाजीचा मळा यांना अभ्यासात स्थान मिळाले. रांधता रांधता मुले तोलमाप, हिशेब आणि आरोग्य शिकत. आहार शिकवणारा वेगळा तज्ज्ञ हवा, असे या विचाराला वाटत नव्हते. शिक्षक आणि कार्यकर्ता यांनीच ते काम करायचे होते.

दुसरे उत्तर महाविद्यालयाचे. अमेरिकेत १८९९ पासून लेक प्लॅसिडच्या परिषदांमधून गृहविज्ञान हा विषय आकाराला आला. एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्याचे नेतृत्व केले. भारतात दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ मध्ये निघाले. त्याच साली नागपुरात विमेन्स एज्युकेशन सोसायटीने मुलींसाठी महाविद्यालय सुरू केले. आज ते लेडी अमृतबाई डागा यांच्या नावाने ओळखले जाते आणि श्रीमती रतनीदेवी पुरोहित गृहविज्ञान महाविद्यालयाचे नाव त्याला जोडलेले आहे. स्वातंत्र्यानंतर हंसा मेहता कुलगुरू असताना बडोद्याला गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा झाली आणि विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. पण समाजाच्या लेखी त्याची ओळख लग्नाच्या बाजारात उपयोगी पडणारे शिक्षण हीच राहिली. स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला, हा प्रश्न या विषयाच्या पाठीमागे कायम लागला. अभ्यासक्रमात जीवरसायन होते, आहारशास्त्र होते, विस्तारशिक्षणही होते. पदवी घेतलेल्या मुलीसाठी जागा मात्र मोजक्याच होत्या. शाळेत किंवा महाविद्यालयात शिकवायचे, मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचे, नाहीतर घरी बसायचे.

शिकवणाऱ्या माणसाच्या जागा का निघाल्या नाहीत, हे समजून घ्यायला लाखोळीच्या डाळीची गोष्ट उपयोगी पडते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात उभ्या धानात लाखोळी फेकून पेरतात. धान कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर ती वाढते. तिला ना फारसे पाणी लागते ना मशागत. पाऊस दगा देतो त्या वर्षीही ती हाती लागते, आणि धोका नेमका तिथेच आहे. दुसरे काहीच पिकले नाही म्हणून सलग दोनतीन महिने लाखोळी हेच मुख्य अन्न झाले, तर पाय लुळे पडतात. सागर भागात १८३०च्या दशकात आलेली अशी साथ कर्नल स्लीमन यांनी नोंदवून ठेवली आहे. पुढे हाच सागर भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आला. या विकाराला कारण असणारे विषद्रव्य १९६४ मध्ये ओळखले गेले. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिले, तर विषाचा बराचसा भाग निघून जातो, हेही प्रयोगशाळांनी दाखवून दिले.

म्हणजे सांगण्यासारखे पुष्कळ होते. डाळ कशी शिजवावी, किती खावी, तिच्याबरोबर दुसरे कोणते धान्य असावे, हे गावोगाव जाऊन सांगता आले असते. पण विषद्रव्य सापडण्याआधीच, १९६१ मध्ये, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली होती. बंदीला एक निरीक्षक पुरतो, शिकवण्याला गावागणिक माणूस लागते. बंदी आली तरी शेतात लाखोळी पिकतच राहिली. ती खाणाऱ्याला मात्र कोणी काही सांगेना, कारण बंदी असलेल्या वस्तूविषयी सरकारी माणूस काय सांगणार? नागपूरच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, उपोषणे केली. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषद्रव्याचे वाण आले. कोठारींची सगळी मते मान्य करावीत असे नाही. लाखोळीने अपंग झालेली माणसे हे वास्तव आहे, आणि त्यातली बहुतेक गरीब होती. पण बंदी हे शिक्षणाला पर्याय होऊ शकते का, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न खरा होता.

हाच प्रश्न मिठावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ च्या नियमाने आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास मनाई झाली. त्याविरुद्ध नागपूरच्या याच संस्थेने याचिका केली. ४ जुलै २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की भेसळ रोखण्यासाठी केलेल्या कायद्याच्या आधारे असा नियम करता येत नाही. तरीही लोकांच्या आरोग्याचा विचार करून तो आणखी सहा महिने चालू ठेवला, आणि पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत तशीच तरतूद आली. इथे दुसरी बाजूही नोंदवायला हवी. आयोडीनची उणीव डोळ्यांना दिसत नाही आणि मिठातून ती भरून काढणे हा स्वस्त, यशस्वी उपाय आहे. काही ठिकाणी शिकवण्यापेक्षा मिसळणे खरोखरच बरे. पण मिठाला लागू पडते ते जेवणाच्या सगळ्या ताटाला लागू पडत नाही.

बंदी, मिसळणे आणि वाटप यांना शासनात खाते असते, अंदाजपत्रक असते. शिकवणे मात्र अंगणवाडीसेविकेच्या कामांच्या यादीत शेवटी राहिले. १९७५ मध्ये दहावी न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये आणि झालेलीला १५० रुपये मिळत. त्याला पगार म्हणत नव्हते, मानधन म्हणत. केंद्राचे मानधन २०१८ मध्ये ४,५०० रुपये झाले तरी शब्द तोच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस दीर्घ संपावर गेल्या, तेव्हा मागणीच्या मुळाशी हा शब्दही होता. त्याआधी, २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला होता.

दुसऱ्या टोकाला पदवीधरांची वाट हळूहळू मोकळी झाली. इंडियन डायटेटिक असोसिएशन १९६३ पासून काम करते आहे आणि तिच्या परीक्षेतून नोंदणीकृत आहारतज्ज्ञ तयार होतात. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत घातले. सार्वजनिक आरोग्यातले पोषणतज्ज्ञही त्यात आहेत. गृहविज्ञानाच्या पदवीधर मुलीला कायद्याने प्रथमच एक नाव दिले, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या यादीत अंगणवाडीसेविका नाही.

म्हणजे १९३०च्या दशकातली दोन उत्तरे आजही वेगळीच आहेत. महाविद्यालयाच्या वाटेने आलेली मुलगी तज्ज्ञ ठरली, पण तिची संधी बहुधा शहरातल्या रुग्णालयात आणि व्यायामशाळेत आहे. ज्याला आधीच पुरेसे खायला मिळते त्याला कमी कसे खावे, हे सांगण्यात तिचा दिवस जातो. वर्ध्याच्या वाटेने आलेली बाई गावातच राहिली. कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे तिला ठाऊक असते, पण तिला तज्ज्ञ कोणी म्हणत नाही आणि शिकवायला तिच्याकडे वेळही उरत नाही. या दोघींना एका गटात, एका कार्यालयात, एकमेकींच्या मदतीला आणणारे पद निघाले, तर १९७५ च्या कागदावरची सहावी सेवा खऱ्या अर्थाने सुरू होईल. त्या पदासाठी लागणारे ज्ञान नागपूर-वर्ध्याच्या मुलखात नव्वद वर्षांपासून आहे. नाही ती फक्त जाहिरात : एवढ्या जागा भरणे आहे, वेतनश्रेणी अमुक.