पोशीरच्या रस्त्यावर

परवा शनिवारी सकाळी बाईक काढली आणि नेरळहून कळंबचा रस्ता धरला. या रस्त्यानं मी दहा-बारा वेळा तरी गेलो असेन. मधे पोशीर लागतं. माझ्यासाठी पोशीर म्हणजे आजवर 'इथे चहाला थांबायचं की अजून पुढे जायचं' एवढंच गाव होतं. या वेळी थांबलो. मागे माथेरानचा डोंगर, समोर सह्याद्रीची भिंत, मधे भातखाचरं. चहावाल्या काकांनी विचारलं, "फार्महाऊसवर आलात का?"

म्हटलं, "नाही हो, असंच फिरायला."

"फिरायलाच येतात सगळे," काका म्हणाले आणि दूध ओतायला लागले.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. इथे 'फिरायला येणं' सुरू कधी झालं? घरी येऊन जरा वाचत बसलो, त्यातून हा लेख.

सुरुवात माहीत असलेल्या गोष्टीपासून करू. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूनं माथेरानवर चढला. (तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं. १८९१ मध्ये ते कुलाब्यात गेलं आणि १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालं.) पुस्तकात लिहितात की मॅलेटनं माथेरानचा 'शोध लावला'. आता या डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकरी आधीपासून वावरत होतेच, म्हणजे हरवलं कुणाचं होतं कोण जाणे! असो. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनला जागा आवडली, बंगले उठले, आणि मुंबईची साहेब मंडळी उन्हाळ्यात थंड हवा खायला यायला लागली.

यायची कशी? नेरळपर्यंत आगगाडी, पुढे घोडा किंवा पालखी. पालखीला खांदा अर्थातच इथल्या माणसांचा. मग आदमजी पीरभॉय यांनी सुमारे १६ लाख रुपये घालून दोन फुटी रुळांची गाडी बांधली. ती १९०७ मध्ये सुरू झाली. आज आपण जिला लाडानं 'मिनी ट्रेन' म्हणतो ती हीच. २१ किलोमीटरची वळणं, एकदम झकास. पण गाडी आली तरी वर गेल्यावर माणूस माणसाला ओढतच राहिला, हातरिक्षातून.

थंड हवेनंतर मुंबईनं इथून नेली वीज. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये चालू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. गिरण्या त्यावर चालायच्या. तारा मात्र गावांच्या डोक्यावरून थेट मुंबईला.

आणि इथेच भाई कोतवाल येतात. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचाच, १ डिसेंबर १९१२. नाभिक घरातला मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत गेला, शेतकऱ्यांना सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्यकोठार काढलं. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेच्या तारांचे मनोरेच पाडायला सुरुवात केली. मुंबईला जाणारी वीज तोडली की सरकारला कळ लागते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल, दोघंही तिथे हुतात्मा झाले.

मी सिद्धगडला दोनदा ट्रेकला गेलोय. पहिल्या वेळी यातलं काहीही माहीत नव्हतं. फोटो मात्र भरपूर काढले.

आता दोन ताज्या गोष्टी. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पोशीर नदीवरच्या धरणाला मंजुरी दिली. कर्जत तालुक्यातल्या कुरुंगला, साठा १२.३४ टीएमसी, खर्च ६,३९४ कोटी. पाणी मुंबई महानगराच्या पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी. थंड हवा झाली, वीज झाली, वीकेंड झाला, आता पाणी. आणि मी कोणत्या तोंडानं बोलणार? आमच्याच सोसायटीत एप्रिल उजाडला की टँकर येतो.

दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२५ ची. सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितल्या. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं: ई-रिक्षा सरकारनं घ्याव्यात आणि ज्यांनी हातरिक्षा ओढल्या त्यांनाच भाड्यानं चालवायला द्याव्यात. म्हणजे सोय पाहुण्याची झाली तरी रोजी ओढणाऱ्याचीच राहावी. पावणेदोनशे वर्षांत हा हिशोब इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. धरणाच्या बाबतीतही कुणी तो असाच मांडावा, इतकंच वाटतं. आधी ज्यांचं जातंय त्यांचं बघा, मग आमचे नळ.

असो, फार गंभीर झालं. येत्या २ जानेवारीला सिद्धगडला जायचा बेत आहे. या वेळी नुसता ट्रेक नाही, हुतात्म्यांना वंदन करायलाही. कुणाला यायचं असेल तर कळवा. पोशीरला थांबायचं आहे, चहा माझ्याकडून.