दिवसातले किती तास बसण्यात जातात? विद्यार्थ्यांचा बैठा विरंगुळा मोजतात कसा?

बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत पहाटे मैदानावर गेलं, की पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणारी मुलं दिसतात. त्यातलाच एखादा विद्यार्थी नंतर दिवसभर अभ्यासिकेत बसतो आणि रात्री दोन तास मोबाईलवर रील्स पाहतो. मग त्याला 'सक्रिय' म्हणायचं की 'बैठा'?

संशोधनाच्या भाषेत उत्तर आहे, दोन्ही. व्यायाम न करणं आणि जास्त वेळ बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. 'आजची पिढी नुसती बसून असते' असं म्हणणं सोपं आहे. ती किती बसते, कधी बसते आणि त्यातलं किती बसणं स्वतःच्या मर्जीचं असतं, हे मोजणं अवघड आहे.

'बैठं' म्हणजे नेमकं काय?

शरीराची ऊर्जा किती खर्च होते हे सांगण्यासाठी 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जेचा खर्च म्हणजे 1 मेट. या अवस्थेत शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, असं धरलं जातं.

जागेपणी, बसून, रेलून किंवा आडवं पडून केलेली आणि 1.5 मेट किंवा त्याहून कमी ऊर्जा लागणारी कोणतीही गोष्ट म्हणजे 'बैठं वर्तन'. या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2012 मध्ये ही व्याख्या मांडली आणि 2017 मध्ये ती अधिक तपशिलाने स्पष्ट केली.

यातून तीन गोष्टी निघतात. झोप यात मोजत नाहीत. पलंगावर पडून मोबाईल पाहणं मात्र मोजतात. आणि एसटीत जागा न मिळाल्याने उभं राहून केलेला प्रवास बैठा ठरत नाही.

अभ्यास सुरू कुठून झाला?

सुरुवात झाली ती बसमधूनच. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असायचे आणि वाहक दिवसभर जिने चढायचे-उतरायचे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की वाहकांच्या तुलनेत चालकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त होतं.

पुढे एक गोष्ट स्पष्ट झाली. सगळं बसणं सारखं नसतं. 2016 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून अधिक बसण्याशी जोडलेला अकाली मृत्यूचा वाढीव धोका दिसेनासा झाला होता. पण दिवसाला पाच तास किंवा अधिक वेळ टीव्ही पाहणाऱ्यांमध्ये तेवढ्या व्यायामानंतरही धोका पूर्ण गेला नव्हता, फक्त कमी झाला होता.

म्हणून फावल्या वेळातलं बसणं वेगळं मोजतात. तासिकेला बसणं किंवा बसमध्ये बसणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं. विरंगुळ्याचा वेळ बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतो, त्यामुळे बदल करायचा तर तिथेच करता येतो.

पद्धत पहिली : प्रश्नावली

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत. विद्यार्थ्याला थेट विचारायचं, 'तुम्ही दिवसाला किती वेळ बसता?' पण प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर बदलतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'जीपॅक' या 16 प्रश्नांच्या प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न बसण्याचा आहे. त्यात बस-रेल्वेतलं बसणंही धरायला सांगतात. 'आयपॅक' या दुसऱ्या प्रसिद्ध प्रश्नावलीच्या मोठ्या आवृत्तीत मात्र वाहनातला वेळ प्रवासाच्या भागात आधीच विचारलेला असतो आणि बसण्याच्या प्रश्नातून तो वगळायला सांगतात. म्हणजे मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचा एसटीतला वेळ एका प्रश्नावलीत बसण्यात जमा होतो, दुसरीत होत नाही.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली फक्त बैठ्या सवयींसाठी आहे. तिच्यात टीव्ही, संगणकावरचे खेळ, बसून गाणी ऐकणं, फोनवर बोलणं, वाचन, वाद्य वाजवणं अशा नऊ गोष्टींचा वेळ कामाच्या दिवसासाठी आणि सुट्टीच्या दिवसासाठी वेगवेगळा विचारतात. तिच्यामुळे विरंगुळा बाजूला काढता येतो. पण तिच्यात रील्स किंवा चॅटिंगसाठी वेगळी ओळ नाही. शिवाय, गाणी ऐकत गप्पा मारल्या तर तोच एक तास दोन ओळींत भरला जातो आणि बेरीज फुगते.

पद्धत दुसरी : दिवसाची डायरी

यात 'किती' असं विचारत नाहीत, तर 'कधी काय केलं' हे क्रमाने विचारतात. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये केलेलं वेळ वापर सर्वेक्षण असंच आहे. पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4 या 24 तासांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात काय केलं, याची नोंद त्यात होते.

डायरीत दिवस 24 तासांहून मोठा होऊ शकत नाही, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा, की तिच्यात काम नोंदवलं जातं, शरीराची अवस्था नाही. 'मित्रांशी गप्पा' ही नोंद पारावर बसून मारलेल्या गप्पांची आहे की फिरता फिरता मारलेल्या, हे कळत नाही.

पद्धत तिसरी : यंत्र

अ‍ॅक्सेलरोमीटर हे हालचाल नोंदवणारं छोटं यंत्र कमरेला किंवा मनगटाला बांधतात. ते साधारण आठवडाभर वापरायला देतात. स्मरणशक्तीवर अवलंबून राहावं लागत नाही. पण कमरेचं यंत्र शांत उभं राहणं आणि बसणं यांत सहज गल्लत करतं. त्यासाठी मांडीला चिकटवायचं यंत्र वापरतात. मांडी आडवी की उभी, यावरून ते बसणं आणि उभं राहणं ओळखतं.

विद्यापीठीन विद्यार्थ्यांवर जगभर झालेल्या अभ्यासांचा 2020 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेला बसण्याचा वेळ दिवसाला सरासरी 7.29 तास होता. यंत्राने मोजलेला वेळ होता 9.82 तास. म्हणजे सांगितलेल्या आणि मोजलेल्या वेळेत अडीच तासांचा फरक. विद्यार्थी खोटं बोलतात, असा याचा अर्थ नाही. जेवण झाल्यावर तसंच बसून राहणं, एकीकडे काही लिहीत बसणं, असलं किरकोळ बसणं लक्षातच राहत नाही.

मग सरळ यंत्रच का वापरू नये? कारण मांडीवरचं यंत्र बसलेलं ओळखतं, पण समोर पुस्तक होतं की मोबाईल, हे त्याला कळत नाही. विरंगुळा शोधायचा तर विचारावंच लागतं. म्हणून चांगल्या अभ्यासात यंत्र आणि प्रश्नावली दोन्ही असतात.

बुलढाण्यात मोजायचं तर कुठे अडतं?

बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यार्थी एका आवारात राहत नाहीत. ते बुलढाणा, खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत विखुरलेले आहेत. मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांसाठी तयार झालेली मोजपट्टी इथे चार ठिकाणी चुकू शकते.

एक, आठवडा. अनेक अभ्यासांत पाच दिवस कामाचे आणि दोन सुट्टीचे धरून सरासरी काढतात. समजा, एका विद्यार्थ्याचा बैठा विरंगुळा कामाच्या दिवशी 2.5 तास आणि सुट्टीच्या दिवशी 6 तास आहे. पाच-दोनच्या हिशेबाने रोजची सरासरी 3.5 तास येते. पण कॉलेज शनिवारीही भरत असेल, तर सहा-एकच्या हिशेबाने ती 3 तास होते. विद्यार्थी तोच, सवयीही त्याच, तरी सूत्र बदललं म्हणून अर्ध्या तासाचा फरक पडला.

दोन, हंगाम. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकरी कुटुंबातली मुलं-मुली शेतात राबतात. विद्यापीठाच्या हिवाळी-उन्हाळी परीक्षांच्या काळात तीच मुलं तासन्‌तास पुस्तकासमोर असतात. एकाच आठवड्यात केलेल्या मोजणीवरून वर्षभराचं अनुमान काढणं धोक्याचं आहे.

तीन, बसण्याची तऱ्हा. खुर्चीत रेलणं, मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं शरीराला सारखं नसतं. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक समाजाचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसंही दिवसाला सुमारे 10 तास विश्रांतीच्या अवस्थेत असतात. पण त्यातला बराच वेळ ती उकिडवी बसतात किंवा गुडघ्यांवर टेकतात. खुर्चीत बसण्यापेक्षा त्यात पायांचे स्नायू जास्त काम करतात. 'बसता का?' एवढंच विचारलं तर हा फरक निसटतो.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलींचा वेळ. 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला 289 मिनिटं आणि पुरुषांचा 88 मिनिटं होता. हा आकडा देशाचा आणि सहा वर्षांवरील सगळ्यांचा आहे, तरी दिशा स्पष्ट दाखवतो. कॉलेजातून घरी येऊन भाकऱ्या थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या मुलीचा बैठा विरंगुळा कमी भरला, तर तक्त्यात ती 'चांगल्या सवयीची' दिसेल. प्रत्यक्षात तिच्याकडे विरंगुळाच कमी असेल.

खेळाचा प्रश्नही असाच आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमआर-इंडियाब' अभ्यासात महाराष्ट्राचाही समावेश होता. राज्यातल्या पाहणीत सामील प्रौढांपैकी 91.3 टक्के लोक फावल्या वेळात कोणतीही शारीरिक हालचाल करत नव्हते. विरंगुळा म्हणजे बसणंच, ही सवय फक्त मोबाईल वापरणाऱ्या तरुणांची नाही. ती घराघरांत आहे.

असा आकडा समोर आला तर काय पाहावं?

'इतके टक्के विद्यार्थी बैठे' अशी पोस्ट दिसली, की पाच प्रश्न विचारावेत. वेळ सांगितलेला आहे की यंत्राने मोजलेला? सगळं बसणं मोजलं की फक्त विरंगुळ्याचं? प्रवास धरला की वगळला? मोजणी कोणत्या महिन्यात झाली? आणि वर्गात हजर असलेल्यांनाच विचारलं, की घरी राहणाऱ्यांनाही? या पाचांची उत्तरं नसतील, तर दोन महाविद्यालयांची किंवा दोन जिल्ह्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मोबाईलमधला 'स्क्रीन टाइम' हाही बसण्याचा आकडा नव्हे. चालताना ऐकलेलं गाणं किंवा नकाशा त्यात मिसळू शकतो आणि टीव्हीसमोरचा तास त्यात येतच नाही.

स्वतःचा वेळ मोजायचा असेल, तर वही पुरते. सात दिवस, रोज रात्री, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून तीन खुणा करायच्या : बसून की उभं, कशासाठी, आणि मर्जीने की नाइलाजाने. बसण्याचे किती तास 'धोक्याचे', अशी ठरावीक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत दिलेली नाही. बैठा वेळ कमी करा, थोडी का होईना हालचाल करा आणि प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, एवढंच त्या सांगतात.

तिसरी खूण सगळ्यात उपयोगी आहे. मर्जीचं बसणं जास्त असेल, तर सवय बदलता येते. नाइलाजाचं बसणं जास्त असेल, तर विद्यार्थ्याला उपदेश करून भागत नाही. तिथे बसचं वेळापत्रक, दोन तासिकांमधली सुट्टी, संध्याकाळी उघडं असलेलं मैदान आणि मुलींना तिथे जाण्याची मोकळीक या गोष्टी बदलाव्या लागतात.