उपसर्ग-प्रत्ययांच्या पाठाची कुळकथा

अमेरिकेतील दुसऱ्या इयत्तेच्या वर्गात शिक्षिका एखादा लांब शब्द फळ्यावर लिहून त्याचे आरंभीचे व अखेरचे अवयव मुलांकडून सुटे करून घेते, त्या साध्या दिसणाऱ्या पाठामागे दोनशेहून अधिक वर्षांची वंशावळ आहे. आणि तिचा मूळपुरुष शोधावयाचा तर तो पुढे कोशकार म्हणून गाजलेल्या नोहा वेब्स्टरच्या ठायी सापडतो. 1782 साली न्यूयॉर्कमधील गोशेन गावी शाळा चालवीत असता, इंग्लंडच्या टॉमस डिलवर्थने रचलेल्या व मुलांच्या हाती रूढ असलेल्या वर्णपाठात ‘नेशन’ या शब्दाचा उच्चारात एकच असणारा अंत्य ‘शन’ दोन तुकड्यांत तोडलेला पाहून तो अस्वस्थ झाला, आणि 1783 मध्ये हार्टफर्ड येथे छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने तो अखंड ठेविला. पुढे निळ्या पुठ्ठ्याचे म्हणून प्रसिद्धी पावलेल्या या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. वेब्स्टरचा हेतू उच्चारशुद्धीचा होता, अर्थबोधाचा नव्हे. तथापि प्रत्यय हा न फोडण्याचा घटक आहे, हा संस्कार बालमनावर त्यानेच रुजविला, असे माझे मत आहे.

अर्थाची बाजू 1830च्या दशकात सेलम टाउन या अमेरिकी पाठ्यपुस्तककाराने पुढे आणिली. परंतु ती लॅटिन-ग्रीक धातूंच्या एवढ्या भाराखाली की, शेतकऱ्याच्या लहानग्या मुलास तिचा फारसा उपयोग होणे दुरापास्त होते.

या विद्येला खरी दिशा दिली ती गणनेने. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने 1921 साली वाचनात वारंवार येणाऱ्या 10,000 शब्दांची यादी शिक्षकांसाठी सिद्ध केली. तिच्याच परंपरेतील यादी हाताशी घेऊन वाचनाचा अभ्यासक रसेल स्टॉफरने 1942 मध्ये दाखविले की उपसर्गयुक्त शब्दांपैकी 82 टक्के अवघ्या 15 उपसर्गांवर उभे आहेत. आणि 1989 मध्ये व्हाइट, सोवेल व यानागिहारा या संशोधकांनी शालेय पुस्तकांतील अशा 2,959 शब्दांचा हिशेब मांडून ‘अन’, ‘री’, ‘इन’ व ‘डिस’ या चौघांनीच 58 टक्के व्यापल्याचे सिद्ध केले. संपूर्ण शास्त्र पढविण्याचा हव्यास सोडून थोडके, परंतु नित्य भेटणारे तेच आधी द्यावे, हा विवेक मला या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो.

अर्थात धोकेही आहेत. ‘अंकल’ या शब्दात ‘अन’ दिसतो, पण तेथे उपसर्ग नाही, जसा आपल्या ‘बेडूक’मध्ये ‘बे’ नाही. म्हणून उपसर्ग बाजूला केल्यावर मागे अर्थवान शब्द उरतो की नाही, हे मुलाने तपासले पाहिजे. ‘इन’ हा ‘पी’पूर्वी ‘इम’, ‘एल’पूर्वी ‘इल’ होतो. संधिनियम जाणणाऱ्या मराठी पालकास हे चटकन उमगेल. उलट भूतकाळाचा ‘ई-डी’ कानास कुठे ‘ट’, कुठे ‘ड’, तर कुठे ‘इड’ ऐकू येतो, पण लेखनात तो अचल राहतो. हे एकदा ध्यानी आले की शुद्धलेखनाची निम्मी भीती ओसरते.

अमेरिकेतील 2010च्या सामायिक शैक्षणिक मानकांनी हा पाठ दुसऱ्या इयत्तेत अधिकृतपणे दाखल केला. त्याच वर्गांतून येणारी मुले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत रविवारी बसतात, तेव्हा त्यांच्यासाठीही अशीच गणना व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे: ‘बे’, ‘ना’, ‘गैर’, ‘दार’ यांपैकी बालवाङ्मयात कोण किती भेटतो, हे मोजावे, आणि त्याहीपूर्वी विभक्तिप्रत्यय घ्यावेत, कारण ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना प्रत्यय लागतो आणि मूळ शब्दही पालटतो, व परदेशी वाढणारे मूल अडखळते ते नेमके तेथेच.